वाचकांचे प्रश्न : वृद्धांचे दुखणे, त्यांची शुश्रूषा आणि त्यांची इच्छा

अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांच्या काळजीविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा आले आहे : ‘डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या आणि सेवा करा.’ ही सेवा म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र या कुटुंबांना कोणी समजावून सांगितलेले दिसत नाही. वेदना काबूत ठेवणे, धाप कमी करणे, घास नीट गिळला जाईल असे भरवणे ही सगळी शिकण्याची आणि शिकवण्याची कामे आहेत. औषधोपचाराइतकीच ती वैद्यकशास्त्राचा भाग आहेत. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. औषधांचे प्रमाण मात्र रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते, म्हणून ते मुद्दाम दिलेले नाही.

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांचा प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्याच्या हाडांत पसरला आहे. रात्री कूस बदलतानासुद्धा ते कळवळतात. दुखणे असह्य झाले की गावातल्या डॉक्टरांकडून डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन देतो. कॅन्सरच्या डॉक्टरांनी मॉर्फीन सुचवले आहे. पण काका म्हणतात, ती नशेची गोळी आहे, एकदा सुरू झाली की माणूस संपलाच. येथील मेडिकलमध्ये ती मिळतही नाही. काय करावे?
— एक वाचक, पंढरपूर तालुका

उत्तर : काकांची भीती प्रामाणिक आहे आणि ती महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आहे. परंतु त्या भीतीची किंमत रोज रात्री तुमचे वडील मोजत आहेत, म्हणून हा विषय सविस्तर मांडतो.

दुखणे असह्य झाल्यावर इंजेक्शन देणे ही पद्धत आधी बदलायला हवी. कॅन्सरचे दुखणे चोवीस तासांचे असते, म्हणून त्याचे औषधही वेळच्या वेळी, दुखणे डोके वर काढण्याच्या आत द्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये जी पायऱ्यांची पद्धत जगापुढे ठेवली तिचे सूत्र हेच होते : शक्यतो तोंडाने, घड्याळ लावून आणि वेदनेच्या तीव्रतेप्रमाणे पायरी चढत. साधी मॉर्फीनची गोळी सुमारे चार तास काम करते. त्यामुळे ती दिवसातून ठरलेल्या वेळी अनेकदा दिली जाते आणि मध्येच कळ आली तर जादा मात्रा कशी द्यायची हेही डॉक्टर लिहून देतात. डायक्लोफिनॅकची इंजेक्शने वारंवार देत राहणे या वयात मूत्रपिंड आणि जठर या दोन्हींना घातक ठरू शकते.

आता नशेविषयी. वेदनेसाठी, योग्य मात्रेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फीन घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला त्याचे व्यसन लागणे ही विरळा गोष्ट आहे. शरीराला औषधाची सवय होते, त्यामुळे ते एकदम बंद न करता हळूहळू कमी करावे लागते. पण ही सवय आणि व्यसन या निराळ्या गोष्टी आहेत. मॉर्फीनने मरण ओढवते हा समजही, मात्रा लहानापासून सुरू करून बेताने वाढवली तर, खरा नाही. आपल्याकडे ते फार उशिरा, अखेरच्या दिवसांत सुरू केले जाते आणि मग मृत्यूचा दोष त्याच्या माथी येतो. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ जाणवते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र गोळी चालू असेपर्यंत राहते, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध सोबत लिहून घ्या. ते लिहिलेले नसेल तर आठवण करून द्या. प्रोस्टेटच्या आजारात लघवी अडून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो आणि मूत्रपिंड मंदावले असेल तर मॉर्फीन शरीरात साठते. म्हणून मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी आधी करून घ्यावी.

गोळी मेडिकलमध्ये मिळत नाही याचे कारण कायद्यात आहे. अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यानंतर रुग्णालयांना मॉर्फीन ठेवण्यासाठी इतके परवाने लागू लागले की अनेकांनी तो नाद सोडून दिला. २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी ही वाट सोपी झाली. तरीही साधे औषधाचे दुकान ते ठेवत नाही. तुमच्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आहे. तेथे किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. जाताना सगळी फाइल आणि वडिलांचे ओळखपत्र न्या आणि पुढच्या खेपेस घरच्या माणसाला गोळ्या नेता येतील का, हे आधीच विचारून ठेवा. केरळात १९९३ पासून कोझिकोडच्या डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी वेदनाशमनाचे आणि शुश्रूषेचे हे काम गावोगाव नेले आणि २००८ मध्ये त्या राज्याने त्याचे धोरणही केले. महाराष्ट्राचे धोरण २०१२ चे आहे. धोरण असूनही पंढरपुरातल्या मुलाला गोळीसाठी वणवण करावी लागते, याचे मला अतोनात दुःख होते.

आणखी दोन गोष्टी कॅन्सरच्या डॉक्टरांना जरूर विचारा. एखाद्या ठरावीक हाडाचेच दुखणे असेल तर तेथे रेडिएशन देता येते. पुष्कळदा त्याची एकच बैठक पुरते आणि पुढच्या काही आठवड्यांत आराम पडतो. दुसरी गोष्ट धोक्याची आहे. वडिलांच्या पायांतली ताकद अचानक कमी झाली, पाय बधिर वाटू लागले, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा; उशीर झाला तर गेलेले पाय सहसा परत येत नाहीत.

दुखण्याची नोंद एका वहीत ठेवा. डॉक्टर शून्य ते दहा असे आकडे विचारतात, पण जुन्या पिढीतल्या माणसांना ते जमत नाही. ‘रुपयात किती आणे दुखते?’ असे विचारा. ‘सकाळी चार आणे होते, आता बारा आणे आहे’ असे उत्तर चटकन येते आणि मात्रा ठरवायला डॉक्टरांनाही ते पुरते.

प्रश्न : माझी आई ८४ वर्षांची आहे. स्मृतिभ्रंशाला नऊ वर्षे झाली. आता ती कोणाला ओळखत नाही, बोलत नाही, घास तोंडात धरून ठेवते आणि वजन खूप उतरले आहे. मध्यंतरी न्यूमोनिया झाला तेव्हा रुग्णालयात नाकातून नळी घातली. ती तिने उपसून काढली म्हणून तिचे हात पलंगाला बांधून ठेवले होते. परदेशातला भाऊ म्हणतो, पोटात कायमची नळी बसवून घे, आईला उपाशी ठेवणार आहेस का? मी काय उत्तर देऊ?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या भावाचा प्रश्न प्रेमातून आला आहे, पण आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे त्यात धरलेले नाही. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात मेंदू गिळण्याची क्रियाही विसरू लागतो. खाणे कमी झाले म्हणून आजार बळावलेला नाही. आजार बळावला म्हणून खाणे कमी झाले आहे. या टप्प्यावर नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते, न्यूमोनिया टळतो किंवा पाठीच्या जखमा भरून येतात, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. न्यूमोनिया टळत नाही याचे कारण सरळ आहे : लाळ श्वासनलिकेत उतरतच राहते आणि पोटातले अन्नही वर येऊ शकते. नळीमुळे हात बांधावे लागतात आणि त्या बांधण्याचा जाच मात्र खात्रीने होतो. म्हणूनच वृद्धांच्या वैद्यकातील तज्ज्ञ या अवस्थेत नळीऐवजी हाताने, सावकाश भरवण्याचा सल्ला देतात. पक्षाघाताचा झटका नुकताच आलेला आहे आणि गिळणे परत येण्याची आशा आहे, अशा रुग्णाला काही दिवसांसाठी नळी घालणे योग्य असते. तुमच्या आईची अवस्था तशी नाही.

भरवण्याची रीत नीट शिकून घेतली तर पुष्कळ फरक पडतो. आई जागी आणि शांत असेल तेव्हाच भरवा. झोपेच्या गुंगीत एक चमचाही नको. पाठीशी उशा लावून तिला ताठ बसवा आणि हनुवटी किंचित खाली येऊ द्या. तुम्ही उभे राहून वरून भरवलेत तर तिची मान वर होते आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो, म्हणून तिच्या समोर, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. चमच्यात अर्धाच घास घ्या. गळ्याची हालचाल होऊन घास उतरलेला दिसला की मगच पुढचा द्या. पाण्यासारखे पातळ पदार्थ अशा रुग्णांना गिळायला सर्वांत अवघड जातात, त्यामुळे घोटलेला मऊ वरणभात, दाटसर पेज, रव्याची खीर, सायीचे दही, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा असे पदार्थ बरे. गोड चव बहुधा शेवटपर्यंत आवडते. जेवणानंतर निदान अर्धा तास तिला आडवे करू नका आणि तोंडात घास उरला नाही ना, हे ओल्या कापडाच्या बोळ्याने पुसून पाहा. अस्वच्छ तोंड हेही न्यूमोनियाचे एक मोठे कारण असते. भरवताना ठसका लागला किंवा आवाज घरघरल्यासारखा झाला तर थांबा. त्या वेळचे जेवण राहिले तरी चालेल.

अशी एक वेळ येईल जेव्हा ती तोंड मिटून घेईल. शरीर आवरते घेत असते तेव्हा भूक आणि तहान दोन्ही मंदावतात आणि त्या वेळी सलाइन लावल्याने सूज व छातीतली घरघरच वाढण्याचा संभव असतो. ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावणे, कापूस भिजवून तोंड ओले ठेवणे एवढेच तेव्हा लागते. घरच्यांची इच्छा असेल तर गंगाजलात भिजवलेले तुळशीचे पान ओठांना लावावे. चमच्याने पाणी घशात ओतू नये. भावाशी वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांना विनंती करून त्याला व्हिडिओ कॉलवर त्यांच्याशी बोलू द्या आणि तुम्ही भरवत असताना आईला एकदा त्याला दाखवा. दूर असलेल्या मुलाला आईची आजची स्थिती खरोखरच दिसत नसते.

प्रश्न : वडिलांना कॅन्सर नाही. त्यांचे हृदय कमजोर आहे आणि फुप्फुसांचा जुना दमा आहे. वर्षात अनेकदा आयसीयूमध्ये ठेवावे लागले. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, त्यांना मिळू शकते का, की ती फक्त कॅन्सरवाल्यांसाठी असते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मिळू शकते आणि मिळायला हवी. आपल्याकडे ही सेवा कॅन्सरपासून सुरू झाली : १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन उभे राहिले आणि १९९७ मध्ये तुमच्याच पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र आले. त्यामुळे तसा समज झाला. हृदय, फुप्फुसे किंवा मूत्रपिंड निकामी होत जाणे, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश या सर्व आजारांत तिचा उपयोग आहे आणि ती घेण्यासाठी हृदयाची औषधे बंद करावी लागत नाहीत. दोन्ही उपचार बरोबरीने चालतात. वारज्याच्या केंद्रात किंवा वडिलांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयात ही सोय आहे का, ते विचारा.

धाप लागते तेव्हा त्यांना पुढे झुकवून, हात उशीवर किंवा टेबलावर टेकवून बसवा, भोवतीची गर्दी हटवा आणि लहान पंख्याचा झोत थेट गालांवर व नाकावर येऊ द्या. चेहऱ्याला गार वारा लागला की धापेची जाणीव कमी होते, हे तपासून सिद्ध झालेले आहे. रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा. दोनतीन दिवसांत दोन किलो वाढले तर अंगात पाणी साठत असल्याची ती सूचना असते. तेव्हाच डॉक्टरांना कळवलेत तर आयसीयूच्या काही खेपा टळू शकतात.

प्रश्न : मामंजी ८१ वर्षांचे आहेत. खुब्याचे ऑपरेशन होऊन घरी आले आणि तिसऱ्या रात्रीपासून ओरडतात, चादर ओढत राहतात, वारलेल्या भावाला हाका मारतात. दिवसा मात्र गुंगीत पडून असतात. सगळे म्हणतात, म्हातारचळ लागला. झोपेची गोळी दिली तर जास्तच झाले. मी एकटीच त्यांच्याजवळ जागते.
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : हा म्हातारचळ नव्हे. ऑपरेशनपूर्वी मामंजी नीट बोलत-चालत असतील आणि दोनतीन दिवसांत हे सुरू झाले असेल, तर या अवस्थेला डिलिरियम म्हणतात आणि बहुतेक वेळा तिचे कारण सापडते. उद्याच डॉक्टरांना दाखवा. लघवीचा जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, अनेक दिवस पोट साफ न होणे, रक्तातले सोडियम उतरणे, ऑपरेशनच्या जागेचे दुखणे आणि नवी औषधे ही नेहमीची कारणे आहेत. घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. झोपेच्या गोळीने अशा रुग्णाचा गोंधळ पुष्कळदा वाढतो, तुमचा अनुभवही तोच आहे. ती पुढे द्यायची की नाही हे त्यांनाच विचारा.

घरी त्यांचा चष्मा आणि कानातले यंत्र दिवसभर लावलेले असू द्या. दिवसा खिडकी उघडी ठेवा, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांना उठवून खुर्चीत बसवा, रात्री मंद दिवा लावा. ते भावाला हाका मारतात तेव्हा ‘तो कधीच गेला’ असे पुन्हा पुन्हा सांगून त्यांना खोटे पाडू नका. हात धरा, आपले नाव सांगा, ते घरीच आहेत असे सांगा. पडून राहिल्याने माकडहाडावर आणि टाचांवर लाली दिसू लागली तर ती जागा चोळू नका, दर दोन तासांनी कूस बदला आणि टाचा उशीच्या आधाराने अधांतरी ठेवा.

आता तुमच्याविषयी. पत्रात तुम्ही ‘एकटीच’ लिहिले आहे, ते मला सर्वांत काळजीचे वाटते. जागरणाने थकलेल्या माणसाच्या हातून औषधाची वेळ चुकते, रुग्णाला उचलताना पाठ धरते, नको ते शब्द तोंडून निघतात. घरातल्या पुरुषांनी आणि नणंदा-दिरांनी रात्री वाटून घेतल्याच पाहिजेत; हे मी उपचार म्हणून लिहीत आहे, तसेच त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. बरे होण्याची आशा संपल्यावर व्हेंटिलेटरवर ठेवू नये, असे आत्ताच लिहून ठेवायचे आहे. ते कायदेशीर आहे का?
— एक दांपत्य, ठाणे

उत्तर : होय. केईएम रुग्णालयात हल्ल्यानंतर अनेक वर्षे भानाविना पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे दार उघडले. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असे वैद्यकीय इच्छापत्र करण्याचा हक्क मान्य केला. तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली, म्हणून जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानेच ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केले की पुरते. दंडाधिकाऱ्यापुढे जावे लागत नाही. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र नोंदवले.

दोघांनी वेगवेगळे कागद करावेत. तुम्हाला बोलता येणार नाही तेव्हा तुमच्या वतीने कोणी बोलावे, त्यांची नावे घाला. एकाहून अधिक नावे देता येतात. मजकूर मोघम ठेवू नका. ‘त्रास नको’ असे लिहिल्याने डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. कोणत्या अवस्थेत व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न आणि नळीचे अन्न नको, ते एकेक नाव घेऊन लिहा. वेदना, धाप आणि अस्वस्थता यांवरचे उपचार मात्र शेवटपर्यंत हवेत, हेही आवर्जून लिहा. प्रत मुलांना, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आणि स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. ठाणे महापालिकेत हे काम कोणाकडे आहे, ते आरोग्य विभागात विचारा. या कागदावरून कोणी तडकाफडकी उपचार थांबवू शकत नाही. रुग्णालयातले डॉक्टरांचे एक मंडळ आणि त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असलेले दुसरे मंडळ, अशा दोघांची संमती लागते आणि त्यांनी शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत निर्णय द्यावा, असे अपेक्षित आहे. इंजेक्शन देऊन मरण घडवण्याची मुभा यात नाही.

मालमत्तेच्या मृत्युपत्रात हा मजकूर घालू नका. ते माणूस गेल्यावर उघडले जाते. तुमचे मत बदलले तर हा कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो किंवा नव्याने करता येतो. तसे केलेत तर जुन्या प्रती ज्यांच्याकडे दिल्या असतील त्या सर्वांकडून आठवणीने परत घ्या.